एव्हर्टचा ड्रेजर

"शिळा केक आहे का?"

मी मान वर केली. दुकानाच्या दारात एक उंचच उंच मुलगा उभा होता. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि त्याच्या केसांतून पाणी थेट पायपुसण्यावर टपकत होतं.

"ताजा आहे," मी म्हणाले.

"ताजा नको. ताजा ढासळतो."

मिसेस ट्रेझीसच्या बेकरीत मी तेव्हा दीडेक वर्ष काम करत होते. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असलं मागणं कुणी केलं नव्हतं. मी परवाच्या चॉकलेट केकचा तुकडा पुढे सरकवला. त्यानं खिशातून चमचा काढला. साधा चहाचा चमचा, पण कडेला कानस मारून धार लावलेला. तुकड्याच्या उभ्या अंगावरून तो त्यानं खालून वर अलगद ओढला, मग वाकून, एक डोळा मिटून बघत राहिला.

"खाणार आहात, की लग्न करणार आहात त्याच्याशी?" मी विचारलं.

"खणणार आहे," तो म्हणाला... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

त्याचं नाव एव्हर्ट पोस्टमा. डच आईबापांचा, शेजारच्या मो गावचा, खाणीत फिटर. फावल्या वेळात तो ड्रेजर बनवत होता. कमरेएवढा, पण खराखुरा चालणारा.

ड्रेजर म्हणजे काय ते आमच्या यलॉर्नमध्ये रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. चार मजली घराहून उंच यंत्र. त्याच्या लांब हाताच्या टोकाला एक भलंमोठं चाक, चाकाला लोखंडी बादल्या. ते फिरत फिरत तपकिरी कोळशाची भिंत खरवडायचं आणि पट्ट्यावर टाकायचं. त्याची घरघर आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो. ती थांबली की बायका हातातलं काम टाकून खिडकीशी यायच्या. कपडे वाळत घालण्याआधी वीजघराच्या धुराची दिशा बघायची, हे मी बाराखडीच्या आधी शिकले.

आणि गाव? गाव सरकारी वीज कमिशननं वसवलेलं, घरं कमिशनची, आम्ही भाडेकरू. गावाखाली कोळसा होता. तो आता कमिशनला हवा होता. एकेक रस्ता रिकामा होत चालला होता. काहीजण आपलं लाकडी घर कमिशनकडून विकत घ्यायचे, मधोमध कापून ट्रकवर चढवायचे आणि मो किंवा न्यूबरोला नेऊन पुन्हा जोडायचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे पांनी, मेलबर्नला जायचं ठरवलं होतं. तिथं मावशी होती, आमची माल्टाची माणसं होती. मला कुणी विचारलं नाही. मला जायचं नव्हतं, पण का नाही, हे सांगण्याजोगं कारणही हातात नव्हतं.

कारण त्या भुरभुर पावसात चमचा घेऊन दुकानात आलं होतं. मला कळायला जरा वेळ लागला, एवढंच.

त्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले ती शिळे केक पोचवायला, असं मी आईला सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

शेडमध्ये तेलाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मधल्या टेबलावर ड्रेजर उभा होता, आणि तो बघून मला हसूच फुटलं. चाकाच्या बादल्या म्हणजे शिवताना बोटात घालायचे अंगुस्ताने! खाली चालायला सायकलच्या साखळ्या, वर कुठल्यातरी मोटारीच्या वायपरची मोटर.

"तुझ्या आईला शिवायला काही ठेवलंस की नाही?"

"तिनं स्वतःहून दिले." मग थोडं थांबून, "...बहुतेक सगळे."

त्यानं एक कळ दाबली. चाक फिरायला लागलं. काय सांगू, त्या एवढ्याशा यंत्राचा आवाज अगदी हुबेहूब होता! अंगावर काटाच आला माझ्या. आणि मग रागही.

"हाच आमचा रस्ता खाणार आहे, माहितेय ना? आणि तू त्याची बाहुली करून खेळतोस?"

तो चिंधीनं तेलाचे हात पुसत राहिला. एव्हर्टचं हे असंच. शब्द त्याच्याकडे चालत यायचे, धावत कधीच नाही.

"खरा माझ्या बाबांनी जोडलाय," तो शेवटी म्हणाला. "नटबोल्टसकट. आता बाबा नाहीत. उद्या तोही भंगारात जाईल. मग मी कुणाला दाखवू, कसा होता ते?"

मी बाजूचं स्टूल ओढलं आणि बसले. तिथून पुढे मग बसतच गेले.

त्याची अडचण खणण्याची होती. खरा कोळसा ओला, त्या चिमुकल्या अंगुस्तान्यांत चिकटून बसायचा. वाळूची भिंत उभी राहत नव्हती. केक बरा होता, पण दोन फेऱ्यांत भुगा. मी आठवडाभर डोकं खाजवलं आणि एका शनिवारी आईचं पाव-पुडिंग घेऊन गेले. शिळा पाव दुधात भिजवायचा, त्यात कोको, भरपूर लोणी, आणि घट्ट दाबून भाजायचं. रंग असा, की कोळशाच्या शेजारी ठेवलं तर खाणीतला माणूस फसावा.

चाक फिरलं. अंगुस्ताने पुडिंगमध्ये शिरले, भरून वर आले आणि एकेक करून पट्ट्यावर रिकामे झाले. मागे भिंत उभीच्या उभी, गुळगुळीत.

एव्हर्ट माझ्याकडे बघत राहिला. असा, की मी पदार्थाची कृतीच विसरले.

"फक्त... बेदाणे नकोत," तो म्हणाला. "अडकतात."

"बेदाण्यांशिवाय पुडिंग? आई मला घराबाहेर काढेल."

"मग इथं ये."

बोलला आणि पाना शोधायला टेबलाखाली घुसला. तो पाना त्याच्या हातातच होता.

ते हिवाळ्याचे दिवस आजही मला वासासकट आठवतात. शेडच्या पत्र्यावर पाऊस, शेगडीत कोळशाच्या विटा, आणि गरम पाण्याच्या रबरी पिशवीतून कापलेला पट्टा मी मांडीवर घेऊन शिवतेय. तो सुईत दोरा ओवून द्यायचा. माझे डोळे काही अधू नव्हते! पण त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची, मग मला दोरा दिसेनासा व्हायचा.

गावाचा निरोप समारंभ ठरला. सभागृहात प्रदर्शन, त्यात एव्हर्टचा ड्रेजर. आदल्या दिवशी पुडिंगचे ट्रे घेऊन मी शेडमध्ये गेले, तर मोठ्या फळीवर सगळं यलॉर्न मांडलेलं. काडेपेटीएवढी लाकडी घरं, रस्त्यारस्त्यानं. आमचा रस्ता अगदी कडेला, चाकाच्या तोंडाशी.

"हे काय?"

"उद्या... पुडिंगवर ठेवायची. मग ड्रेजर..."

"मग ड्रेजर आमची घरं खाणार? सगळ्या गावासमोर? माझ्या पांच्या समोर?"

"नाही, ऐक ना... म्हणजे हो, पण..."

"पण काय? बोल की! तोंडात अंगुस्ताना अडकलाय का?"

मी ट्रे आपटले आणि निघून आले. रस्ताभर रडले. राग त्याचा होता, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा, की दोन महिन्यांनी मी मेलबर्नला असेन आणि हा मुलगा मला एक वाक्यही न बोलता जाऊ देईल.

समारंभाला मी जाणार नव्हते, पण आईनं ओढून नेलं. सभागृह गच्च भरलेलं. मधोमध फळी, फळीवर माझ्या पुडिंगचा डोंगर, त्यावर गाव. एव्हर्ट कळांशी उभा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पांढराफटक.

"मी हा चालू करतोय," तो म्हणाला. "खरा थांबत नाही, म्हणून हाही थांबत नाही. त्याला थांबायचं बटण नाही दिलेलं. तर... ज्यानं त्यानं आपापलं घर उचलून न्यावं. त्याच्या आधी."

चाकाची घरघर सुरू झाली. पहिल्यांदा मिसेस ट्रेझीस उठल्या, ठुमकत पुढे आल्या, आपलं घर उचललं, फिरवून बघितलं आणि ओरडल्या, "अरे पोरा, माझी मागची खोली कुठाय?"

"आमची पण नाहीये!" मागून कुणीतरी.

"आमचीही! गिळलीस की काय?"

सभागृह हसून हसून लोळायला लागलं. त्यातली गंमत अशी, की कमिशनची घरं आखून दिलेल्या मापाची. पण पोरं वाढली की जो तो मागच्या अंगाला फळ्या आणि पत्रे ठोकून एक खोली काढायचा, परवानगी न घेता. तपासनीस आला की समोरच्या गुलाबांचं कौतुक करून परत जायचा. मो गावच्या एव्हर्टला हे कसं माहीत असणार? त्या बापड्यानं कमिशनच्या नकाशावरून गाव बनवलं होतं.

लोक येत होते, घर उचलत होते, डोळे पुसत होते, खोलीवरून त्याला टोमणे मारत होते. आणि मला कळलं, काल त्याला काय सांगायचं होतं ते. मी किती बडबडले होते!

शेवटी एकच घर उरलं. आमचं.

पा उठले नाहीत. टोपी मांडीवर घेऊन बुटांकडे बघत बसले. उभा जन्म त्यांनी खऱ्या ड्रेजरवर काढला होता. आईनं कोपरानं ढोसलं, तर म्हणाले, "कमिशनचं घर आहे. कमिशननं न्यावं." पण त्यांची हनुवटी हलत होती.

"फारुजांचं घर राहिलंय," एव्हर्ट म्हणाला. मग हळूच, "इनेझ..."

मी उठले. धावलेच म्हणा ना. हात घातला तेव्हा पुडिंगची कडा ढासळायला लागली होती. घर माझ्या मुठीत आलं आणि त्याच क्षणी चाकाचा एक अंगुस्ताना माझ्या बोटांना घासला. मी "आई गं!" केलं असेल नसेल... खाड्‌कन आवाज झाला. चाक जागच्या जागी थांबलं. यंत्रातून धूर निघाला.

एव्हर्टच्या हातात वायरींचा झुबका होता. मुळापासून उपटलेला.

"थांबत नाही म्हणालास ना?" मी कसंबसं म्हटलं.

"नाहीच थांबत," तो म्हणाला. "लागलं का तुला?"

दोन हिवाळे खपून केलेलं यंत्र त्यानं माझ्या खरचटलेल्या बोटासाठी मोडलं होतं, अख्ख्या गावादेखत. मी त्याच्याकडे बघत राहिले. लाज-बिज कुठल्या कुठे गेली.

तेवढ्यात पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या मुठीतून घर घेतलं, पालथं केलं, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"इथं खोली आहे. हिची. मी बांधली." मग एव्हर्टला आपादमस्तक न्याहाळून, "म्हणजे तू आमच्या घरी कधी आलाच नाहीस. रविवारी ये. बघून जा."

रविवारी तो आला. हातात फुलं नव्हती, मोजपट्टी होती. आईनं ससा शिजवायला ठेवला होता, लसूण आणि वाईनचा वास घरभर. पांनी त्याला मागच्या खोलीचं दार दाखवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार उघडं ठेवून, अर्थात.

माझी खोली. वाकडी खिडकी, पत्र्याचं छत, वारा आला की कुरकुरणारी भिंत. एव्हर्टनं मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या भिंतीशी गेला.

"मी तुमचं घर मागितलंय," तो तिकडून, भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "कमिशनकडून. विकत. न्यूबरोला नेणार."

मी पट्टीचं टोक भिंतीवर घट्ट दाबलं.

"एकट्याला कशाला रे एवढं घर?"

मी पट्टी जरा ओढली. तो एक पाऊल जवळ आला.

"पण ही खोली ट्रकवर चढणार नाही," तो म्हणाला. "मी विचारलं. फक्त मूळ घर नेतात. ही इथंच मोडायची."

या खोलीत मी मोठी झाले होते. रात्री पडल्या पडल्या ती घरघर ऐकत झोपले होते. आज त्या जागी एवढा खोल खड्डा आहे, की कडेला उभं राहिलं तर आपली गल्ली हवेत कुठे असेल, हेही बोटानं दाखवता येत नाही. पण त्या दुपारी ती होती. उन्हाची तिरीप होती, आणि मोजपट्टी आखडत आखडत तो अगदी समोर आला होता.

"मी नवीन बांधीन," तो म्हणाला. "अशीच. मागच्या अंगाला. परवानगी न घेता."

"कुणाची?"

"कमिशनची." त्यानं श्वास घेतला. "तुझी मात्र लागेल. त्या घरात... तू असलीस तरच. नाहीतर नुसतं लाकूड आहे ते. इनेझ, मला तू हवी आहेस. मेलबर्नला जाऊ नकोस."

एवढं सलग तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा. मी खरचटलेलं बोट त्याच्या ओठांवर ठेवलं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"मोजून झालं का रे?" स्वयंपाकघरातून पांचा आवाज आला.

एव्हर्टनं तोंड उघडलं, पण त्याचे शब्द संपले होते. मग मीच ओरडले, "पा, मी मेलबर्नला येत नाहीये!"

पलीकडे सगळं थांबलं. भांड्यात फिरणारा आईचा डावसुद्धा. कितीतरी वेळानं खुर्ची सरकली, आणि पांचा आवाज आला, जरा घोगरा, पण नेहमीसारखाच.

"बरं. मग आईला चार ताटं वाढू दे. आणि त्याला म्हणावं, खिडकी या खेपेला सरळ बसव."