ताम्रपटाची मागची बाजू

“हिला ती लिपी वाचता येते हे आधी कळलं असतं, तर हे लग्न होऊच दिलं नसतं मी.”

हे माझ्या सासूबाई बोलल्या. बेसमेंटमध्ये, अगदी हळू. पण इथल्या घरांना हीटिंगच्या जाळ्या असतात, आणि तळघरातलं बोलणं गरम हवेबरोबर थेट वरच्या खोलीत येतं. मी मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते.

“वल्लरीलाही येत होती,” सासरे म्हणाले.

मला अमेरिकेतल्या डब्लिनला येऊन तीन महिने झाले होते. बायोडेटात फक्त ‘एम.ए.’ होतं, कशात, ते कुणी विचारलं नव्हतं. मुलगी अबोल आहे, एवढ्यावर सगळे खूश होते. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचायला शिकलेय मी, हे आदल्या रविवारी बाहेर पडलं.

बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, एक ताम्रपट आहे. कुणी गेलं की घरातलं सामान विकायला काढतात, तशा कुठल्याशा एस्टेट सेलमध्ये मिळालेला. रिटायर झाल्यापासून तोच त्यांचा उद्योग. एका सम्राटाच्या दरबारात राजपत्रं वाचून दाखवणारी एक बाई होती. एका सकाळी ती मेलेली सापडली, आणि सम्राटानं तिच्या भावाला एक गाव दान दिलं. त्याचा हा लेख. पाहुणे आले की बाबा रंगवून सांगत, “बिचारी तापानं गेली!” त्या रविवारी चहाचे कप ठेवता ठेवता मी म्हणाले, “ताप नाही, बाबा. दूध प्यायल्यावर गेली, असं लिहिलंय. मारणाऱ्याचं नाव पुढच्या ओळीत असणार, पण ती कुणीतरी ठोकून सपाट केलीय.”

पाहुणे हसले. आई, म्हणजे सासूबाई, हसल्या नाहीत.

“वल्लरी कोण?” मी गाडीत देवांगला विचारलं. नवरा इथेच जन्मलेला. त्याला कुठलाही प्रश्न विचारला की तो आधी आरशात बघतो.

“वल्लरीताई? पीएचडी करायची. आमच्या बेसमेंटमध्ये राहायची, बाबांना ताम्रपटात हेल्प करायची. मग सेमिस्टरच्या मध्येच इंडियाला गेली.”

“तुला भेटून गेली?”

“मी शिकागोला होतो यार. व्हाय?”

“गराजमधली झाकलेली गाडी कुणाची?”

“तिचीच. ती कुणाला तरी पाठवणार होती न्यायला.”

भारतात परत जाणारा मराठी विद्यार्थी राइस कुकरसुद्धा विकून जातो. हे मी मनातच म्हटलं.

पुढच्या रविवारी दुपारी बर्फ पडत होतं. देवांग बाहेर ड्राइव्हवे साफ करत होता. बाबांनी हाक मारली, “मीनाक्षी, खाली येतेस जरा? ती ठोकलेली ओळ…”

“कशाला तिला?” आई सिंकपाशी होत्या. पाणी चालूच होतं.

“नुसतं पाहील गं.”

खाली गेले. वरच्या बाजूनं काही वाचता येत नव्हतं. पण अक्षरं खोल कोरलेली असली की मागच्या बाजूला त्यांचा उठाव राहतो. मी पत्रा उलटा केला, कागद भिजवून त्यावर बसवला, ब्रशनं ठोकला. वाळेपर्यंत थांबायचं असतं. बाबा चष्मा आणायला वर गेले. ओल्या तांब्याचा वास येत होता. हीटिंगचं फर्नेस एकदा धापा टाकून बंद पडलं. बाहेर फावड्याचा आवाजही थांबला होता…

मी शाईचा बोळा फिरवला.

अक्षरं उलटी आली, पण आम्हाला त्याची सवय असते. खुन्याचं नाव त्यात नव्हतंच. ‘जिनं हे वाचलं ती,’ अशी सुरुवात, आणि पुढे बायकांची नावं. सात. पहिलं नाव त्या काळच्या लिपीत, दुसरं नंतरच्या शतकाच्या, तिसरं त्याही नंतरच्या… सातवं आपल्या आजच्या देवनागरीत.

वल्लरी.

पत्रा पुन्हा उलटा करून पाहिला. त्या जागी हातोडीचे घाव, आणि घावांवर हिरवा गंज. असा गंज चढायला शेकडो वर्षं लागतात. म्हणजे वल्लरी जन्मण्याच्या कितीतरी आधीच ही ओळ ठोकली गेली होती.

वेलदोड्याचा वास आला. माझ्या कोपराशी एक पेला होता. दुधाचा. वाफ निघत होती. जिना एकच, आणि मी त्याच्याकडे तोंड करूनच बसले होते.

मग दोघं एकदमच खाली आले. आईंचे हात साबणानं ओले.

“दूध तुम्ही दिलंत हिला?” त्यांनी बाबांना विचारलं.

“मी? मला वाटलं तू…”

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. किंवा दोघंही. तिसऱ्या शक्यतेकडे मला बघायचंच नव्हतं.

“काय निघालं?” बाबांचा आवाज कापत होता, भीतीनं की हावेनं ते कळेना. “वाच की… मोठ्यानं वाच.”

“वाचू नकोस,” आई म्हणाल्या. “दूध पी आणि वर चल.”

पेला मी उचलला. तो हाताला गरम लागत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या दोघांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“मारणाऱ्याचं नाव सापडलंय,” मी खोटंच म्हणाले. “वाचते ना. पण आधी यातला एकेक घोट तुम्ही दोघांनी घ्या.”