बटाट्याची फुलं येईपर्यंत

त्या दुपारी उत्तर जपानमधल्या कुत्चान गावावर असं बर्फ कोसळत होतं, की समोरचा योतेइ डोंगरही दिसेनासा झाला. स्कीच्या उतारांवर नेणारे पाळणे बंद पडले आणि चिझुरूकडे जेवायला येणाऱ्यांनी एकामागून एक नकार कळवला. वडिलांच्या मागे ते सहा खुर्च्यांचं सुशीचं दुकान ती एकटीच चालवायची. भात तयार, मासे तयार... आणि खाणारं कुणी नाही.

तेवढ्यात दार सरकलं. पापण्यांवर बर्फ घेऊन एक उंच तरुण आत आला.

"बसू का? बाहेर काही दिसतच नाही. तुमचा दिवा दिसला, शिरलो."

"बसा ना. काय देऊ?"

तो अवघडला. "रागावू नका... मला कच्चा मासा खाववत नाही."

चिझुरूने सुरी खाली ठेवली. "आणि हे सुशीच्या दुकानात बसून सांगताय?"

"लपवलं असतं तर माशासकट पकडला गेलो असतो —"

तिला हसू आवरेना. तिने भातावर अंड्याची गोडसर वडी ठेवून त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती डोळे मिटून खाल्ली, आणि ती उगाचच त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

इत्सुकी त्याचं नाव. लहान मुलांना स्की शिकवायचा. मग तो येतच राहिला. कधी अंडं, कधी काकडी...

"सशाला पोसल्यासारखं वाटतं मला," ती म्हणायची.

"ससा रोज येतो, हे बघा की."

एका दुपारी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर साप्पोरो शहरातले एक बडे गृहस्थ होते. पहिलाच घास घेऊन ते म्हणाले, "वडिलांची सर नाही. बाईचे हात गरम, मासा बिघडणारच."

चिझुरूचे हात भातातच थांबले.

"चिझुरू-सान," इत्सुकी शांतपणे म्हणाला, "मला तोच मासा द्या."

"अहो, पण तुम्ही —"

"द्या ना."

त्याने तो तोंडात घातला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं... पण हळूहळू त्याचा चेहरा निवळला. "इतकी वर्षं मी मूर्खपणा केला," तो म्हणाला. गृहस्थ गप्प बसून जेवले. ते गेल्यावर चिझुरूला कळेना, हसावं की रडावं.

मार्च सरत आला. छपरावरून पाणी ठिबकू लागलं.

"पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडला निघायचंय," इत्सुकी चहाच्या पेल्यात बघत म्हणाला. "तिकडे आता हिवाळा येईल. दरवर्षी जातो... बर्फाच्या मागे मागे."

चिझुरू गिऱ्हाइकांपुढची लांब लाकडी फळी पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"म्हणजे इथला उन्हाळा तुम्ही कधी पाहिलाच नाही. सगळीकडे बटाट्याची फुलं असतात. पांढरी, जांभळी..."

"बटाट्याची फुलं बघायला कोण थांबतं?"

"मी थांबते. दरवर्षी. एकटीच."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्या तिकडच्या स्की शाळेला कळवतो, येत नाही म्हणून."

"माझ्यासाठी नको हं... नंतर पस्तावशील." तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंही नाही.

"तुझ्यासाठी कुठे? बटाट्यासाठी."

चिझुरूने फडकं ठेवलं, फळीला वळसा घालून बाहेर आली आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली... त्याच्या अगदी शेजारी.