कामाचा रविवार

दाराला कुलूप नव्हतं, पण आत जायला बंदी होती. पोर्तो शहरातलं ते छोटंसं चर्च बाहेरून अख्खं निळ्या टाइल्सनी मढवलेलं, आणि दारावर पाटी – प्रार्थना चालू आहे, पर्यटकांनी दुपारी यावं. वरून भुरभुर पाऊस. मी चडफडत उभी होते, तेवढ्यात शेजारून कुणीतरी पुटपुटलं, "च्यायला… मफी फायदा."

मी गर्रकन वळले. 'च्यायला' आपल्या महाराष्ट्रातलं, 'मफी' म्हणजे 'नाही', ते आखातातलं. दोन्ही एका दमात म्हणणारा माणूस मला पोर्तुगालमध्ये भेटेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"बहरीन की कुवेत?" मी विचारलं.

तो दचकला, मग हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटून जातात, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं. "बहरीन. तुम्हीपण?"

"मीपण. आणि रविवार म्हणजे कामाचा दिवस, गर्दी नसेल… असाच विचार केलात ना?"

त्याने कान पकडले. शुक्रवार-शनिवारची सुट्टी अंगवळणी पडली की आम्हा आखातातल्या लोकांच्या डोक्यातून रविवार पुसलाच जातो. चर्चमध्ये रविवारी प्रार्थना असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही दोघे मात्र शहाण्यासारखे दाराबाहेर भिजत उभे.

त्याचं नाव स्वरूप. सांगलीचा, सिव्हिल इंजिनीअर, झल्लाकला समुद्रकाठी एका हॉटेलचं बांधकाम बघतो. मी कस्तुरी, नाशिकची. मनामाच्या एका बँकेत अकाउंट्स बघते आणि बुदैयाला दादा-वहिनींकडे राहते. एवढ्याशा बेटावर आम्ही कित्येक वर्षं राहत होतो, आणि ओळख व्हायला पोर्तो गाठावं लागलं.

छत्री एकच होती, माझी. ती त्याने धरली, कारण मी धरली की तिच्या काड्या त्याच्या कपाळाला लागत होत्या. मी टाइल्सचे फोटो काढत सुटले होते… स्टेशनच्या भिंतींवरच्या निळ्या लढाया, नदीकडे उतरत जाणारी पिवळी-तांबडी घरं, सज्ज्यांतून वाळणारे कपडे. हा मात्र प्रत्येक जुन्या भिंतीला तळहात लावून उभा राहायचा.

"काय विचारता तिला?" मी शेवटी म्हटलंच.

"बरी आहेस ना, म्हणून." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "टाइल्स सगळेच बघतात हो. त्यांना जिने इतकी वर्षं धरून ठेवलंय, तिला कोण विचारतं?"

मी हसले खरी, पण पुढच्या वळणावर माझाही हात भिंतीकडे गेला. ती गार आणि ओलसर होती.

दुसऱ्या दिवशीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्याने मला मुहर्रकबद्दल सांगितलं – प्रवाळी दगडांची घरं, नक्षीदार जाळ्या, वारा खाली ओढून घेणारे बुरूज, आणि त्याचं सगळ्यात आवडतं, लाकडी दाराचं एक जुनं घर. मुहर्रक म्हणजे माझ्या लेखी नुसतं विमानतळ. जुनी घरं बघायला मी तिथूनच विमानात बसून युरोपात आले होते. "काखेत कळसा," एवढंच म्हणून तो थांबला आणि मी त्याला छत्रीतून बाहेर ढकललं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नदीवरच्या लोखंडी पुलावर उभे होतो. खाली दिवे पाण्यात हलत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कस्तुरी, मला तुला एक…"

"इथे नको."

त्याने बोलावं असं मनापासून वाटत होतं, आणि भीतीही तेवढीच होती. सुट्टीत जुळलेलं, ऑफिसच्या पहिल्याच आठवड्यात विरून गेलं तर? मला ते सोसलं नसतं.

"इथे सुट्टी आहे, नदी आहे, पाऊस आहे," मी म्हटलं. "इथे कुणालाही प्रेम होईल. सांगायचंच असेल तर बहरीनला सांग. मुहर्रकला, तुझ्या त्या लाकडी दाराच्या घरापाशी. आणि शुक्रवारी नाही हं… रविवारी. कामाच्या."

"कबूल," तो म्हणाला.

बहरीनला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून. वहिनीलाही तेच सांगितलं. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, दाताच्या डॉक्टरकडे हल्ली काजळ लावून जातात का गं? मी गाडीची किल्ली उचलून पळ काढला.

मुहर्रकच्या अरुंद गल्लीत ते दार सापडलं. बंदच होतं, आत डागडुजी चालू होती. स्वरूपचा पत्ता नव्हता. मी उन्हात उभी राहिले, सावलीत उभी राहिले, केस पुन्हा बांधले. मग फोन वाजला. मागे यंत्रांचा खडखडाट आणि हिंदीतला आरडाओरडा.

"पहाटेपासून स्लॅबचं काँक्रीट ओतणं चालू आहे," तो धापा टाकत म्हणाला. "मध्येच पंप बंद पडला. स्लॅब अर्धवट सोडता येत नाही, कस्तुरी. मी नाही येऊ शकत."

"बरं." झालं, विरलं… पहिल्याच आठवड्यात. "तुझं काम महत्त्वाचं. ठेवते."

"थांब! कामाचा रविवार तूच मागितला होतास ना? तो असाच असतो. सगळे रविवार असेच असणार आहेत. चालेल का तेवढं सांग."

आणि त्याने फोन ठेवला, कारण पंप सुरू झाला होता.

मी त्या बंद दाराशेजारच्या भिंतीला टेकले. खडबडीत, पांढुरकी, जागोजागी डागडुजी केलेली भिंत. पुलावर मी मोठ्या तोऱ्यात त्याची परीक्षा लावली होती. पेपर माझाही होता, हे कुठे लक्षात आलं होतं?

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन कडक चहा घेतले आणि देशाचं एक टोक सोडून दुसऱ्याकडे निघाले. झल्लाकच्या गेटवर सुरक्षारक्षकाने माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, तेव्हाच आत जाऊ दिलं. स्वरूप खालीच होता, पंपाशेजारी. बूट सिमेंटने भरलेले, मिशीवर राखाडी शिंतोडे. मला बघून तो हसला, डोळे पार मिटले.

"इथे टाइल्स नाहीत हं," तो म्हणाला. "नुसतं काँक्रीट आहे."

"दिसतंय. म्हणूनच आले." मी गार झालेला चहा त्याच्या हातात दिला. "चालेल मला. सगळे रविवार चालतील. आता पुलावरचं ते वाक्य पुरं कर."

त्याने वर स्लॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातमोजा काढला आणि तरीही सिमेंट लागलेला तळहात भिंतीला लावतो तसाच अलगद माझ्या गालाला लावला.

"बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

वहिनीने संध्याकाळी पहिला प्रश्न केला तो माझ्या गालावरच्या सिमेंटचा.