खुणेची माणसं

कुरुंद्यात सगळ्यांच्या मेंढरांना लाल रंगाची खूण असते, आमच्या नसते. आमची लेक रागिणी प्रत्येक मेंढीला तोंडावरून ओळखते. पण तिला चौदावं लागलं आणि मेंढरं तेवढी ओळखीची राहिली, माणसं सुटायला लागली. कळमनुरीच्या बाजारात माझ्या सख्ख्या भावाला, अंगदला, ती म्हणाली, "काका, जरा सरका." मामा महिनाभर रुसून बसला.

डॉक्टर म्हणाले, या वयात मेंदू चेहरे ओळखायची रीत नव्यानं बसवत असतो. काही लेकरं मधेच गडबडतात, हिचं जरा जास्त आहे; बसेल घडी. मी फोनवर वाचत बसले, तिथंही तेच. तरी एकच धास्ती: एक दिवस माझाही नंबर लागणार.

माझ्या सासूबाईंना, सत्यभामाबाईंना, वाचायची गरज पडली नाही. त्यांनी शेजारून मेंढरांचा रंग मागून आणला. स्वतःच्या कपाळावर पट्टा ओढला, माझ्या डाव्या गालावर ठिपका दिला. अंगद भेटीला आला तर त्याचं नाकच रंगवलं.

"बाळापूरच्या बाजारातून जाताना कुणी माझा भाव इचारला मंजी?" तो म्हणाला.

"दात बघून सांगतील," सासूबाई म्हणाल्या.

सोय झाली खरी. मग एका दुपारी रागिणीनं विचारलं, "आई, सकाळी मेंढरांपाशी तुझा ठिपका उजव्या गालावर काहून व्हता?"

सकाळभर मी शेतात हळद शिजवत होते. म्हटलं, आरशात बघितलं असशील.

"मेंढरांत आरसा कुठून आला?" सासूबाई पुटपुटल्या.

काल संध्याकाळी अंगद पुन्हा भेटीला आला होता, नाक रंगवूनच. चहा करताना रागिणी एकदम हरखली. "आजी, आता पुसा रंग. समद्यांची तोंडं ओळखू येऊन राहिली."

अंगद नाक घासायला मोरीकडं पळाला. मीही गाल धुतला आणि तिच्या समोर येऊन बसले. 

ती चुलीपलीकडच्या रिकाम्या पाटाकडं बघून हसली.

"आई, घे," म्हणाली. तिथं कप ठेवला.

मग माझ्याकडं वळली. अगदी अदबीनं.

"मावशी, तुमाला साखर किती?"

"एक चमचा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पाटासमोरच्या कपातला चहा हळूहळू खाली चालला होता. सासूबाईंनी न बघता, सवयीनं, तिकडं बशी सरकवली.