सातव्या खुर्चीचा दुसरा भाग

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. समोरच्याने आ वासलेला असतो, गालात कापूस असतो, ओठावरून नळी लोंबत असते आणि नेमकं तेव्हाच यांना गप्पा मारायची हुक्की येते. आपल्या डॉक्टरला ही खोड जरा जास्तच होती. बाकी मुलगी गुणी. हात हलका, बोलणं गोड, दवाखाना छोटासा पण चकचकीत. लग्नाचा विषय निघाला की मात्र तिला लगेच कुणाची तरी दाढ आठवायची.

तो आला तो गाल धरूनच. खालच्या बँकेत कामासाठी आला होता. रांगेत उभा असताना दाढेने असा काही ठणका दिला, की रांग सोडून, जिना चढून तो थेट तिच्या दारात उभा राहिला.

"डॉक्टर आहेत?"

"दातांच्या आहेत," बाहेर बसणाऱ्या ताई म्हणाल्या.

"देव पावला," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन कोसळला.

"किती दिवस दुखतंय?" तिने दिवा ओढत विचारलं.

"दिवस...? तीनेक वर्षं."

"तीन वर्षं! आणि आज आलात?"

"भीती वाटते."

"इंजेक्शनची?"

"नाही... रागावणाऱ्या डॉक्टरांची."

ती रागावणारच होती, पण आता पंचाईत झाली. तिने ओठ मिटले, मास्क वर ओढला आणि मास्कच्या आत हसली. डोळे मात्र उघडे होते. त्याने ते पाहिले, आणि भीती वाटणाऱ्या माणसाच्या मानाने बराच वेळ पाहिले.

रूट कॅनाल करावं लागणार होतं. भूल चढली, कापूस बसला आणि तिची हुक्की जागी झाली.

"काम काय करता?"

"गे... गेम... लिहिओ."

"गेम लिहिता? व्हिडिओ गेम? कुठला?"

"हा-त-वी... खुच्ची."

तिचा हात हवेतच थांबला. "सातवी खुर्ची? ते तुम्ही? तो नालायक माणूस तुम्ही?"

'नालायक' हा शब्द तिचा नव्हता, बाबांचा होता. 'सातवी खुर्ची' हा गुप्तहेराचा गेम तिच्या घरात जवळजवळ सभासद होऊन बसला होता. बाबा आजारातून उठत होते, दिवस जाता जात नव्हता, म्हणून तिने तो आणला. मग बापलेक दर रविवारी दुपारी पडदे ओढून, मांडीवर उशी घेऊन तपासाला बसू लागले. एक मोठं घर, एक जेवणाचं टेबल, सात खुर्च्या. जेवण संपता संपता घराचे म्हातारे मालक मान टाकतात. जेवणात विष! मग गुप्तहेर काका येतात, धोतरासारखा ढगळ कोट सावरत सगळ्यांना प्रश्न विचारतात. शेवटी सगळ्यांना, मालकांच्या रिकाम्या खुर्चीवर स्वयंपाक्यालाही, पुन्हा त्याच टेबलाशी बसवून म्हणतात, "खुनी इथेच बसलाय, आणि मला तो कळलाय." एवढ्यात दिवे जातात. गेम संपतो! दुसऱ्या भागाचा पत्ता नाही. बाबांनी त्या लेखकाचा असा काही उद्धार केला होता, की तो सगळा इथे लिहिता येणार नाही.

"दुसरा भाग येणार की नाही?"

"आं... आं."

"आं म्हणजे हो का नाही?"

त्याने डोळे मिटून घेतले. इतका दुखरा चेहरा तिने खुर्चीत बसलेल्या कुणाचा पाहिला नव्हता, आणि दाढ तर तेव्हा पूर्ण बधिर होती.

दुसऱ्या वेळी तो वेळेआधी आला. कापूस बसायच्या आधीच बोलून घ्यायचं, असं ठरवून आला होता.

"डॉक्टर, एक सांगतो. कुणाला सांगू नका."

"पेशंटचं गुपित आम्ही सांगत नाही."

"खुनी कोण आहे... मला माहीत नाही."

तिने हातातला आरसा खाली ठेवला.

"खरंच. सगळ्यांना वाटतं मी लपवतोय. कंपनीला गेम घाईने बाजारात आणायचा होता. म्हटलं, दिवे घालवू, पुढचं पुढे बघू. लोकांना तोच शेवट आवडला. आता मी रोज त्या सात जणांसमोर बसतो आणि सातही जण मला निर्दोष वाटतात."

"माझ्या बाबांना सांगू नका हे. पुन्हा आजारी पडतील."

तो हसला, पण हसू गालापर्यंत पोहोचलं नाही. कंपनीने मुदत दिली होती. महिनाअखेरपर्यंत खुनी आणि पूर्ण कथा द्या, मग दुसरा भाग होईल. त्यासाठी त्याला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात, दुसऱ्या शहरात, वर्ष दीड वर्ष जाऊन राहावं लागेल. नाही जमलं तर दुसरा भाग रद्द, सगळी टीम घरी.

"आणि तुम्ही?"

"दादाचं टाइल्सचं दुकान आहे. तो म्हणतोय, ये. मांजरासारखा एका कोपऱ्यात बसून राहशील."

तो विनोद करत होता, पण तिला हसू आलं नाही. या माणसाला टाइल्समध्ये कोंबायचं म्हणजे... छे! आणि त्याच वेळी, कुणी न विचारता, मन म्हणालं, दुकान याच शहरात आहे ना? तिने पटकन त्याचं तोंड उघडलं.

त्या रविवारी बाबा नेहमीसारखे स्वयंपाक्याच्या मागे लागले होते. "हाच. मी सांगतो तुला. बघ कसा डोळे चोरतोय."

"बाबा, त्याचे डोळे तसेच काढलेत."

ती टेबलाकडे पाहत होती. मालकांच्या शेजारी त्यांचा मेहुणा. सूप पिताना मान डावीकडे कललेली, उजवा तळवा गालावर. पुढच्या प्रसंगातही तळवा गालावर. बागेत, जिन्यात, कुठेही बघा, गालावर हात. हा हात तिने कुठेतरी पाहिला होता. आणि पुढच्याच क्षणी तिला तिच्या दवाखान्यातली बाहेरची खुर्ची आठवली... तिथे तो असाच बसायचा. थेट असाच.

मग तिची नजर मेहुण्यासमोरच्या आईस्क्रीमच्या रिकाम्या वाटीवर गेली. तिला खुनी सापडला होता.

"काय गं, गप्प का झालीस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. स्वयंपाकीच असेल."

ही तिने बाबांना मारलेली थाप. तिला स्वतःचंच नवल वाटलं. दोन वर्षं जो दुसरा भाग हवा होता, त्याची किल्ली तिच्या हातात होती. फोन उचलायचा आणि सांगायचं. पण सांगितलं की तो जाणार. नाही सांगितलं तर तो राहणार, टाइल्सच्या कोपऱ्यात का होईना. अशा वेळी शहाणी माणसं जे करतात तेच तिने केलं. काहीच केलं नाही.

पुढच्या वेळी खरं तर कॅपचं माप घ्यायचं होतं. तो खुर्चीत बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "अजून थंड लागतं हो."

"थंड लागतं?"

"पाणी प्यायलो की... कळ जाते. अशी वरपर्यंत."

ती आणि ताई, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दाढेतली नस तिने स्वतः काढली होती. बिचारीला आता बर्फात पुरली असती तरी कळलं नसतं.

"वरपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?" तिने साळसूदपणे विचारलं.

"डोक्यापर्यंत. कधी कधी... रात्री झोपही लागत नाही."

"अरे बापरे. मग घाई नको करायला. माप पुढच्या आठवड्यात घेऊ."

"घाई नकोच," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ताई खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या.

पुढच्या आठवड्यात मात्र त्याने थंड पाण्याचं नावही काढलं नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. माप घेऊन झाल्यावर तो खुर्चीच्या कडेला पाय सोडून बसला.

"उद्या कंपनीला फोन करून सांगून टाकतो. नाही जमत. टीममधली पोरं विचारतात, सर, सुचलं का? मी म्हणतो, सुचतंय, सुचतंय. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही आता."

तिच्या हातात मापाचा साचा होता. तिने तो ठेवला, हातमोजे काढले. आता गप्प राहिली असती तर तो राहिला असता. पण हा असा राहिला असता, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"मेहुणा," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"मालकांचा! तुमचा खुनी."

त्याने मान वर केली.

"आईस्क्रीम एकाच भांड्यातलं, सगळ्यांनी खाल्लं, म्हणून तुमच्या काकांनी आईस्क्रीम सोडून दिलं. बरोबर?"

"बरोबर. मीच लिहिलंय, सगळे खातात."

"पण मेहुण्याची उजवी दाढ किडलीये. अख्ख्या गेममध्ये तो गालावर हात ठेवून बसतो, सूपसुद्धा एका बाजूने पितो. अशी दाढ असलेला माणूस आईस्क्रीमकडे नुसतं बघून विव्हळेल. खाणं शक्यच नाही. तरी त्याची वाटी रिकामी आहे. मग ती कुणी खाल्ली?"

तो हळूहळू उभा राहिला. "...जो मेला त्याने."

"मालक गोडखाऊ. मेहुणा म्हणाला असेल, दाजी, माझी पण घ्या. विष भांड्यात नव्हतंच. त्या एका वाटीत होतं."

"पण... गालावर हात मी लिहिलाच नव्हता! तो आमच्या चित्रकाराने..." तो थांबला. मग कपाळावर हात मारून इतक्या मोठ्याने हसला, की ताई दारात आल्या. "गाढव! मीटिंगमध्ये माझ्यासमोर बसून तो माझंच चित्र काढत होता! दोन वर्षं माझीच दाढ..."

"मारलं का, ते तुम्ही लिहा," ती म्हणाली. "सगळं काय मीच करू?"

त्याने तिचे दोन्ही हात धरले, मग धरलेत हे लक्षात आल्यावर दचकून सोडले, आणि पैसे न देता पळाला. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या, येईल. कॅप बसायचीये अजून."

कॅप बसवायच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. दुसरा भाग मंजूर झाला होता. तो एका दमात सगळं सांगत सुटला... टीम कशी नाचली, चित्रकाराने कशी माफी मागितली. ती 'वा, छान' म्हणत राहिली, कॅप घासत राहिली. त्या कॅपला इतकं घासायची काही गरज नव्हती.

"सोमवारी निघतोय," तो शेवटी म्हणाला.

"चावून बघा. उंच लागतंय?"

"नाही. डॉक्टर, तुम्ही खूश नाही झालात?"

आता थाप मारायची तिची ताकद संपली होती.

"मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "खुनी कोण ते. तुम्ही थंड लागतं म्हणून आलात ना, त्याच्याही आधी. सांगितलं नाही मी. दुसरा भाग झाला की तुम्ही जाणार, म्हणून. तुम्ही तिकडे झुरत होतात आणि मी... मला तुम्ही आवडता. फार आवडता. म्हणून असा दुष्टपणा केला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"मग शेवटी सांगितलंत कशाला?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तुमचा चेहरा बघवेना."

तो खुर्चीतून उठून तिच्यासमोर आला. "एकदा थांब म्हणा. आत्ता फोन करतो. टाइल्स विकतो."

"तुम्ही? गिऱ्हाईक आलं की त्याला विचाराल, काल रात्री कुठे होता? दुकान बुडेल दादाचं." ती हसत होती आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदमच. "जा तुम्ही. मन लावून काम करा. मी काही कुठे पळून जात नाही."

"दर महिन्याला तपासणीला येईन."

"तपासणी सहा महिन्यांनी असते."

"माझी दाढ फार नाजूक आहे," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "रविवारी... घरी येऊ? बाबांच्या शिव्या एकदा समोरासमोर ऐकून घेतो."

रविवारी तो आला. गेमचा लेखक येणार, एवढंच तिने बाबांना सांगून ठेवलं होतं. बाबांनी दार उघडलं, नाव-गाव न विचारता त्याला सोफ्यावर बसवलं आणि चष्मा पुसून थेट मुद्द्यावर आले.

"स्वयंपाकीच ना?"

"सांगता येत नाही हो. कंपनीचं गुपित आहे. टीमखेरीज कुणाला सांगायचं नाही, अशी सही केलीये मी."

"टीमखेरीज कुणालाच माहीत नाही?"

त्याने नको तिथे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे ती उभी होती. बाबा आयुष्यभर हिशेब तपासनीस होते. त्यांच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

"हिला माहीत आहे?"

"...हो."

"वा रे वा! दोन वर्षं तपास मी करतोय आणि गुपित हिला? टीममध्ये नाही, कंपनीत नाही. मग ही लागते कोण तुमची?"

तो गडबडला. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तो परत ठेवला. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला... आणि तिने या वेळी नजर दुसरीकडे वळवली नाही.

"सांग ना त्यांना," ती म्हणाली.

बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. टीव्हीवर गुप्तहेर काका उत्तराची वाट बघत उभे होते. बाबांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"चहा टाक गं," ते म्हणाले. "आणि तू रे, असा नीट समोर बस. आता चौकशी तुझी."