परसों धुतलेली टाकी

चतुराबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा निशिगंधा वडिलांच्या पायांत मोजे चढवत होती. मोजे चढेनात. एकनाथरावांचे पाय सुजून टम्म झाले होते आणि आडवं झालं की त्यांना धाप लागत होती. आज डायलिसिस हवंच होतं. फोन होता काचीगुड्यातल्या डायलिसिस केंद्रातून; चतुराबाई आणि एकनाथराव दोघंही तिथेच जायचे.

हल्ली तिथे मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला, की कुणाला ना कुणाला हुडहुडी भरायची आणि ताप चढायचा. एकनाथराव त्यातून कसेबसे वाचले. चतुराबाई नाही वाचल्या.

निशिगंधाने हिमायतनगर, आबिड्स, सगळीकडच्या केंद्रांना फोन केले. कुठेच जागा नव्हती. न्यावं तर ताप, न न्यावं तर छातीत पाणी. जिवाणूंच्या आवरणावर संशोधन करण्यात तिची उमर गेली होती. बापाला थंडी वाजली त्या दिवशी तिने त्यांच्या मशीनच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली होती, पण निकाल अजून आला नव्हता. तिला स्वतःचाच राग येत होता.

तिने वडिलांना रिक्षात घातलं आणि केंद्र गाठलं.

"अंबाजीला काढून टाकलंय," व्यवस्थापक मुकुंदराव म्हणाले. "सुया तोच टोचायचा. हात धुवत नसणार."

"चतुराबाईंच्या रक्तात जिवाणू सापडले?" निशिगंधाने विचारलं.

"नाही," डॉक्टर तेजस म्हणाले. ते पुण्याहून नुकतेच इथे रुजू झाले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. "पाण्यातही नाहीत. नमुना मुकुंदराव स्वतः घेतात. प्रत्येक रिपोर्ट स्वच्छ."

"शेवटचा कधी घेतला?"

"काल. चतुराबाईंना मशीन लावायच्या आधी."

"आणि बाबांना थंडी वाजली तेव्हा?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "त्या दिवशीही घेतला होता."

"पाण्याची टाकी?"

"ती परवाच धुतली. अंबाजीनेच सांगितलं, म्हणून टाकीचा विचार मी सोडून दिला."

अंबाजी बाहेर पायरीवर बसला होता.

"टाकी कधी धुतली, अंबाजी?"

"परसोंच धुतली की, मॅडम."

"परसों म्हणजे?"

"दसऱ्याच्या अगोदर, महिना होऊन गेला. मंग मुकुंदसाहेब म्हनले, नक्को धू, सेंटर बंद ठेवावं लागते."

निशिगंधा याच शहरात वाढली होती. इथल्या दख्खनी बोलीतलं परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं सरळ परवा करून टाकलं होतं.

ती सगळ्यांना घेऊन टाकीच्या खोलीत गेली. कोपऱ्यात पाणी तापवायचा रॉड पडला होता. त्यावर बुळबुळीत थर सुकून चिकटला होता.

"हा कशाला?"

"चादरी धुवायला," मुकुंदराव म्हणाले.

"चादरी तर धोब्याकडं जातेत," अंबाजी दारातून म्हणाला.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. निशिगंधाने तो ऐकला आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, या जिवाणूंच्या अंगावर साखर आणि चरबी जोडून झालेलं आवरण असतं. बाहेर साखरेच्या साखळ्या, आत दोन साखरा आणि त्यांना चिकटलेल्या चरबीच्या शेपट्या. या शेपट्या रक्तात पोचल्या की शरीर पेटून उठतं. जिवाणू मेलेला असला तरीही. माझ्या बाटलीत त्या भरपूर निघाल्या. न धुतलेल्या हातांवरचे, आतड्यातले जिवाणू असते तर मुख्य शेपट्या चौदा कार्बनच्या असत्या. या दहा आणि बाराच्या आहेत. साचलेल्या पाण्यातल्या जिवाणूंच्या. घाण अंबाजीच्या हातांवर नाही, टाकीत आहे."

"मग रिपोर्ट स्वच्छ कसे?"

"नमुन्याआधी कुणीतरी टाकीत हा रॉड सोडतं. जिवाणू मरतात, तपासणीत काही वाढत नाही. पण ते आवरण उकळून जात नाही. मेलेल्यांचे तुकडे सुटतात आणि मशीनच्या जाळीतून रक्तात जातात. म्हणून रिपोर्ट स्वच्छ येतो त्याच दिवशी ताप येतो." ती वळली. "आणि नमुना तुम्ही घेता, मुकुंदराव."

मुकुंदराव स्टुलावर बसले.

"पाणी उकळलं की शुद्ध होतं, आमच्या घरी हेच शिकवलं. खराब रिपोर्टवर केंद्र बंद झालं असतं. हे लोक कुठं गेले असते?"

"पहिला ताप आला तेव्हा शंका आली नाही?"



"आली," ते म्हणाले. "म्हणून तर अंबाजीचं नाव घेतलं."

तेजस पोलिसांना फोन करायला बाहेर गेले.

एकनाथरावांना आता बसूनही श्वास पुरत नव्हता. अंबाजीने टाकीची जोडणी तोडून शुद्धीकरण यंत्रातून एका मशीनला थेट नवी नळी जोडली. ते पाणी तपासायला वेळ नव्हता. निशिगंधाने मानेनेच होकार दिला. अंबाजीने सगळ्यांसमोर सावकाश हात धुतले आणि सुई लावली.

ती वडिलांच्या अंगावर शाल घालून बसली. मागच्या वेळी याच सुमाराला त्यांचे दात वाजायला लागले होते. त्यांचा हात शालीखाली हलला आणि ती उठून उभी राहिली.

"निशी," एकनाथराव म्हणाले, "शाल काढ गं. उकडतंय."