पाच गिगाहर्ट्झवरचा तिसरा फोन

पटेल त्याने घ्या, पण हे माझ्या सख्ख्या दिराच्या घरी घडलंय. रविवार, भर दुपारचे तीन. भाड्याच्या दोन खोल्या, राहायला येऊन चौथाच दिवस.

दीर घरोघरी वायफाय बसवतो. लोकांना सांगतो, जुना पासवर्ड बदला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या घरी मात्र आधीच्या भाडेकरूचा राउटर तसाच चालू केला. नाव तेच, पासवर्ड तोच. म्हणजे ओळखीचा जुना फोन न विचारता आत.

राउटर आतल्या खोलीत. तिथे माझी जाऊ दार लोटून पडलेली, सातवा महिना. दीर बाहेर सोफ्यावर, जोडलेल्या फोनांची यादी बघत.

तिचा फोन. त्याचा फोन.

आणि... तिसरा.

"वरच्या मालकीणबाई फुकटात हात धुऊन घेतायत," तो दाराकडे बघत म्हणाला.

"घेऊ देत की. मला झोपू द्या," आतून जाऊ.

ह्याला कुठला दम. राउटरचे दोन बँड: दोन-चार गिगाहर्ट्झचा भिंती ओलांडून लांब जातो, पाचचा भिंतीशीच दमतो. त्याने दोन-चार बंद केला. वरचा फोन आपोआप गळेल.

यादी पुन्हा उघडली.

तिसरा फोन... पाचवर.

मधल्या भिंतीमुळे दिराच्या फोनला सिग्नलच्या दोनच दांड्या. तिसऱ्याला पूर्ण.

म्हणजे राउटरच्या शेजारी. बायकोच्या खोलीत.

"अगं, आत कोण आहे?"

 आतली पंख्याची घरघर... थांबली.

मग एक घाव. हाडावर बसतो तसा. दुसरा. तिसरा.

दाराला आतून कडी. त्याने खांद्याने ती उखडली. जाऊ भिंतीशी मुटकुळं करून, केस रक्ताने चिकटलेले, उजव्या हाताची बोटं फोनसकट ठेचलेली. शेजारी ह्याचीच हातोडी. खिडकीला गज. खोलीत दुसरं कुणी नाही.

त्याला बघून ती आणखी मागे सरकली.

"मारू नका हो. मी कुणाशीच बोलत नव्हते."

"मी बाहेर होतो," तो म्हणत राहिला. "मी दाराबाहेर होतो."

धावत आलेल्या मालकीणबाई उंबऱ्यातच बसल्या. "आधीचाही हेच म्हणायचा. बायको मेली, तो तुरुंगात आहे. अजून हेच म्हणतो."

बाळ वाचलं. पोलिसांपुढे जावेने तोंड उघडलं नाही. माहेरी आहे, परत यायचं नाव काढत नाही.

दीर आमच्याकडे असतो. जेवताना रोज यादीचा स्क्रीनशॉट पुढे करतो. "वहिनी, तिसरा दिसतोय ना?"

दिसतो. खरंच दिसतो. "दिसतोय रे बाबा," म्हणते नि भात वाढते.

आणि तो झोपला की त्याच्या पिशवीतली नवी हातोडी काढून माझ्या कपाटात कुलूप घालून ठेवते.